पोस्टग्रेसमधला वेळेचा हिशोब: अख्खा एक सीझन वापरून झाल्यावर

मासेमारीची बंदी लागलीय, 1 जून ते 31 जुलै, देवगड बंदरावर बोटी वर ओढून शाकारून ठेवल्यात, फोन वाजत नाही, म्हणून म्हटलं लिहून टाकूया. मी इथल्या बोटवाल्यांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर सांभाळतो. बोट कधी सुटली, कधी लागली, इंजिन किती तास चाललं, त्यावरून डिझेल आणि बर्फाचा हिशोब. गेल्या वर्षी याच बंदीत सगळा डेटा मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर (दोन्ही डेटा साठवायचे डेटाबेस) हलवला, कारण याच दोन महिन्यांत काही बिघडलं तरी कोणी घरापर्यंत येत नाही. ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत वापरलं, त्याचा हा अनुभव.

आधी हलवलं का ते सांगतो. चूक माझी होती, डेटाबेसची नव्हे. इंजिनचे तास मी टाइम नावाच्या टाइपमध्ये (डेटाच्या प्रकारात) ठेवले होते आणि वर सरळ सम (बेरजेचं फंक्शन) लावला. आता मायएसक्यूएल टाइमची बेरीज वेळ म्हणून करतच नाही, आधी त्याचा साधा आकडा करतं, म्हणजे 9:40:00 चे 94000. तीन फेऱ्या धरा, 9:40, 8:50 आणि 7:45. आकडे 94000, 85000, 74500, बेरीज 253500. बघणारा वाचतो 25 तास 35 मिनिटं. बोटांवर मोजा, 26 तास 15 मिनिटं येतात. म्हणजे तास 60 ऐवजी 100 मिनिटांचा झाला आणि जिथे जिथे हातचा आला तिथे 40 मिनिटं समुद्रात गेली. आणि एरर नाही, काही नाही, आकडा दिसायला एकदम सरळ! दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एका मालकाने वहीत बेरीज करून आणून टेबलावर आपटली.

मग टाइम टू सेक करून सेकंदांची बेरीज आणि परत सेक टू टाइम, असं केलं. बरं चाललं. पण सीझन संपत आला तेव्हा रिपोर्टमध्ये चार बोटींचे तास सेकंदासकट सारखे, 838:59:59. मला वाटलं एन्ट्रीवाल्या पोराने कॉपी मारली, त्याला उगाच बोललो. नंतर कळलं की त्या टाइपची हद्दच तेवढी आहे, 35 दिवसांना जेमतेम एक तास कमी, त्याच्यावर कितीही जाऊदे, तो तिथेच नांगर टाकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, वाचतो कोण.

पोस्टग्रेसमध्ये सुटायची आणि लागायची वेळ टाइमस्टॅम्पटीझेडमध्ये (तारीख-वेळ ठेवायचा टाइप) ठेवली, एकातून दुसरी वजा केली की इंटरव्हल, म्हणजे मधला कालावधी, मिळतो आणि इंटरव्हलवर सम नीट चालतो, अ‍ॅव्हरेज पण. नुसत्या एवढ्यासाठी सुद्धा हलवलं ते वसूल झालं.

पण इंटरव्हलचा स्वभाव कळायला मला दिवाळी उजाडली. त्याच्या पोटात तीन वेगळे कप्पे असतात, महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद, आणि ते आपणहून एकमेकांत ओतले जात नाहीत. दोन दिवस सात तास वीस मिनिटांची फेरी असेल आणि तुम्ही टू चार (वेळ हव्या त्या रूपात छापणारं फंक्शन) वापरून तास-मिनिटं मागितली तर तो 07:20 देतो, दोन दिवस गिळून. एक्स्ट्रॅक्ट करून अवर मागितला तरी 7 च. त्यात गंमत अशी की रोज संध्याकाळी परत येणाऱ्या छोट्या बोटींचा रिपोर्ट बरोबर येत होता, फक्त लांब जाणाऱ्या ट्रॉलरचे तास कमी, त्यामुळे टेस्टिंगमध्ये मला काही दिसलंच नाही. आता मी आधी इपॉक काढतो, म्हणजे सगळ्याचे सेकंद, त्याला 3600 ने भागतो आणि तो आकडा दाखवतो. बेरजेत पण तसंच, 12 दिवस 95 तास असलं काहीतरी छापून येतं. चूक नाही ते, पण मालकाला दाखवलं तर तो माझ्याकडे बघत राहतो. जस्टिफाय अवर्स लावलं की सरळ होतं.

महिन्याचं प्रकरण वेगळं. 31 जानेवारीत एक महिना मिळवला की 28 फेब्रुवारी येतो, लीप असेल तर 29, ते समजू शकतो. पण मी कर्जाच्या हप्त्यांची तारीख मागच्या हप्त्यात एक महिना मिळवून काढत होतो, त्यामुळे फेब्रुवारीत जी 28 झाली ती पुढे 28 च राहिली. मूळ तारखेत दोन महिने, तीन महिने असं मिळवायचं, मग मार्चला 31 बरोबर येतो. आणि एक महिना बरोबर 30 दिवस का असं विचारलं तर पोस्टग्रेस हो म्हणतं. तुलनेसाठी तसंच धरतं ते.

आता खरा मार कुठे बसला ते. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे. रोजचा लिलावाचा रिपोर्ट मी डेट ट्रंकने (तास-मिनिटं छाटणारं फंक्शन) दिवस पाडून करत होतो, आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे उजाडतो पहाटे साडेपाचला. आमच्याकडे बोटी लागतात कधी? पहाटे चार, साडेचार. म्हणजे निम्मा माल आदल्या दिवसात. ऑगस्टच्या दुसऱ्याच आठवड्यात एका तांडेलाचा (बोटीच्या म्होरक्याचा) फोन, "रे मेल्या, काल मी दर्यात होतंय, बोट आज लागली मां! कालचो माल खंयसून दाखवतंस?" मी म्हटलं सर्व्हर पंचांग बघून चालतो, सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही. त्याला हसू आलं नाही. उपाय सोपा आहे, दिवस पाडायच्या आधी अ‍ॅट टाइम झोन लावून आशिया/कोलकाता करायचं, किंवा आवृत्ती 12 पासून डेट ट्रंकलाच तिसरा पॅरामीटर म्हणून झोन देता येतो. मी तिसरा पॅरामीटरच देतो, कारण अ‍ॅट टाइम झोन कुठल्या टाइपवर लावलंय त्यावर ते उलटंसुलटं चालतं आणि रात्री अकराला ते डोक्यात शिरत नाही.

झोनचं नाव पूर्ण लिहा बरं का. मी आळसाने नुसतं आयएसटी लिहिलं होतं. पोस्टग्रेसच्या डीफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या पुढे फक्त दोन तास! मग शहाणपणा करून यूटीसी+5:30 लिहिलं, तर तिथे अधिकचं चिन्ह पश्चिमेला धरतात, जुनी पोसिक्सची (युनिक्स प्रणालींच्या मानकाची) रीत, आणि सगळ्या बोटी अकरा तास मागे. आणि टाइमस्टॅम्पटीझेड नाव असलं तरी त्यात झोन साठवला जात नाही हां, आत यूटीसीच असतो, दाखवताना सेशनच्या (चालू जोडणीच्या) झोनमध्ये बदलून देतं.

बिटवीनने (इथपासून तिथपर्यंत अशी अट) या 31 मेला दगा दिला. शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवसापासून बंदी, सगळ्या बोटी त्या दिवशी परत. मी महिन्याचा रिपोर्ट 1 मे ते 31 मे बिटवीन असा काढला, तर 31 तारीख म्हणजे त्याच्या लेखी 31 ची मध्यरात्र शून्य वाजता. पुढचा अख्खा दिवस बाहेर. सीझनच्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी रिपोर्टमध्ये एक पण बोट नाही. आता सगळीकडे 1 मे किंवा नंतर आणि 1 जूनच्या आधी, असं लिहितो. कॉलमवर डेट फंक्शन लावून पण होतं, पण मग कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कामाला येत नाही.

एक हौस केली होती. भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणून जनरेट सिरीजला (ठराविक अंतराने वेळांची यादी काढणारं फंक्शन) तेवढा इंटरव्हल स्टेप देऊन महिन्याची भरती-ओहोटी छापली. दोन-तीन दिवस जुळली, मग उधाण-भांगाच्या (मोठ्या-लहान भरतीच्या) फरकाने सरकत गेली. आता तक्ता बघून वेळा भरतो. इंटरव्हलची चूक नाही, दर्या घड्याळ लावून चालत नाही.

नाऊ (आत्ताची वेळ देणारं फंक्शन) पण लक्षात ठेवा, ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र होणाऱ्या कामांचा गट, सुरू झालं तेव्हाची वेळ देतं. एका झटक्यात दोनशे नोंदी चढवल्या तर सगळ्यांना तीच मायक्रोसेकंद. खरी वेळ हवी तर क्लॉक टाइमस्टॅम्प.

शेवटचं, लागायची वेळ सुटायच्या वेळेनंतरच असली पाहिजे असा चेक कन्स्ट्रेंट (नोंद घेताना तपासायची अट) पहिल्याच दिवशी घाला. मी डिसेंबरात घातला, तोपर्यंत रात्री सव्वाअकराला सुटून बारा-चाळीसला इंजिन बिघडून परत आलेली एक बोट वजा 22 तास 35 मिनिटं समुद्रात होती, कारण पोराने तारीख बदललीच नव्हती. आता सर्व्हर नोंद घेत नाही. त्यामुळे आता रात्री एक वाजता पोराचा फोन येतो, "दादा, आता तारीख आजची घालू की उद्याची?"