महाधमनीच्या ऑपरेशननंतर: हाय फ्लो की बायपॅप?

श्वासाची नळी काढून चार तास झालेत, साध्या मास्कवर सॅच्युरेशन ९० च्या पुढे सरकत नाही, पीएफ रेशो (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण) २०० च्या आसपास. टाइप ए डिसेक्शन, म्हणजे हृदयालगत महाधमनीची भिंत आतून फाटणं, त्याच्या ऑपरेशननंतर हे नवं नाही. हृदय-फुप्फुसाच्या यंत्रावरचं लांबलेलं बायपास, शरीर गार करून थांबवलेलं रक्ताभिसरण, वर रक्ताच्या पिशव्या, फुप्फुसं रुसणारच. पुन्हा नळी घालायची नसेल तर हाताशी दोन यंत्रं उरतात: नाकातून ऑक्सिजनचा जोरदार प्रवाह सोडणारा हाय फ्लो आणि घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारा बायपॅप.

कागदावर दोन्ही बरोबरीत. फ्रान्समधल्या बायपॉप अभ्यासात (२०१५) हृदय-छातीच्या ऑपरेशननंतरचे ८३० पेशंट होते. हाय फ्लो अपयशी ठरला २१ टक्क्यांत, बायपॅप २१.९ टक्क्यांत. आकड्यांनी वाद मिटत नाही. माझा मिटला तो डिचोलीच्या एका आजोबांच्या कवळीमुळे.

कवळी काढून डबीत ठेवलेली, गाल आत गेलेले. मास्क लावला की गालाकडून हवा सुटायची. पट्टा आवळला की नाकाचं हाड लाल. (त्याच अभ्यासात २४ तासांनंतर कातडी सोलवटलेले बायपॅपवर १० टक्के, हाय फ्लोवर ३.) गळतीचा अलार्म रात्रभर. सिस्टर दहा पावलं लांब गेली की आजोबा मास्क ओढून काढत, "उदक दी गो" म्हणत. सॅच्युरेशन ८४. मास्क परत, परत झटापट, आणि आर्टेरियल लाइनवर (धमनीत बसवलेल्या नळीवर) प्रेशर १७०. दिवसभर प्रेशर उतरवणारं लॅबेटॅलॉल चालवून ते ११०-१२० वर धरलं होतं, कारण टाके ताजे आणि महाधमनीच्या कमानीच्या (वरच्या वळणाच्या) पुढे तिची फाट अजून तशीच. बायपास सर्जरीच्या साध्या पेशंटमध्ये ही झटापट मी खपवून घेतली असती, इथे नाही.

पहाटे हाय फ्लो लावला: ५० लिटर, एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ६० टक्के. अर्ध्या तासात आजोबा घोरत होते. सकाळी खोकून बेडका काढला, आणि गिळणं तपासून चार चमचे पेजही घेतली. तपासणं महत्त्वाचं, कारण कमानीखालून वळणारी डावी स्वरनस दुखावली असेल तर आवाज बसतो आणि पेज भलतीकडे जाते.

एका आजोबांवरून नियम करू नये, मान्य. कार्बन डायऑक्साइड चढत असेल, जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार) असेल, किंवा हृदयाची डावी बाजू थकून फुप्फुसात पाणी भरलं असेल, तर मीही बायपॅपच लावतो. हाय फ्लोचा दाब जेमतेम, तोही तोंड मिटलेलं असेल तोवर. शिवाय तो फसवतो: पेशंट शांत दिसतो आणि नळीला उशीर होतो. म्हणून २, ६ आणि १२ तासांनी रॉक्स (सॅच्युरेशन, ऑक्सिजनचं प्रमाण आणि श्वासांचा वेग यांवरून येणारा आकडा) काढतो. ४.८८ च्या वर ठीक, ही रेघ न्यूमोनियाच्या पेशंटवरून आलेली, त्यामुळे पोटाचा श्वास आणि मानेचे स्नायू यांवर माझा भरवसा जास्त.

खर्चाचं म्हणाल तर ऑक्सिजनचा. वर दिलेल्या सेटिंगवर मिनिटाला साधारण २५ लिटर शुद्ध ऑक्सिजन लागतो. सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर पावणेपाच तासांत रिकामा. पाइपलाइन नसेल तर बायपॅपकडे वळावं लागेल हे उघड आहे. मग मात्र कवळी घट्ट बसणारी असेल आणि पेशंट पूर्ण जागा असेल, तर ती डबीत ठेवू नका, तोंडात बसवून मगच मास्क लावा.