एक लिटरची ओआरएस पुडी: वस्तू चोख, गडबड होते ती पाण्यात

मुंबईत पाऊस लागला की दवाखान्यांत तापाबरोबर उलट्या-जुलाबांचे पेशंट वाढतात. सिस्टर हातात ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या मीठ-ग्लुकोजच्या पावडरची, ही पुडी ठेवतात, घरी जाऊन मात्र ती चुकीची कालवली जाते.

आधी पुडीची मागची बाजू वाचा. लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असेल तर कंपनी कुठलीही चालेल. आतड्यात मीठ ग्लुकोजच्या जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. सगळी करामत या प्रमाणाची आहे. म्हणूनच टेट्रापॅकमधली गोड पेयं इथे कामाची नाहीत. साखर जास्त झाली की पाणी उलट आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात.

आता कालवणं. मोठी पुडी पेलाभर पाण्यात टाकणं ही नेहमीची चूक, आणि धोक्याचीही, कारण रक्तातलं मीठ वाढतं. अर्धी आज, अर्धी उद्या हेही नको. पावडर सारखी विभागली जात नाही. लिटरची सीलबंद बाटली घ्या, त्यातलं पेलाभर पाणी काढून ठेवा, पुडी कोपरे झटकून पूर्ण रिकामी करा, हलवा, मग काढलेलं पाणी परत ओता. भरल्या बाटलीत पावडर नीट ढवळली जात नाही. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर पाणी कमी पडलंय. वरून साखर, लिंबू काही नको. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. दमट हवेत खडा झालेली पुडी घेऊच नका.

मोठ्या माणसाने प्रत्येक जुलाबानंतर एक-दोन पेले प्यावेत. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने सुरू करा. कॉलेजातली पोरं साध्या चवीला नाक मुरडतात. त्यांना संत्र्याच्या चवीची द्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उणीव एकच: याने जुलाब थांबत नाहीत, शरीरातलं पाणी भरून निघतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून लोक दोन पेल्यांत कंटाळून सोडून देतात.

तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, शौचात रक्त, सहा तास लघवी नाही किंवा माणूस गुंगीत, यातलं काहीही दिसलं तर पुडीवर भिस्त नको. थेट जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. वाटेत शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर घोट घोट पाजत राहा.