निकुलिन आधी की मिरोनोव?
मैत्रिणीला सोव्हिएत सिनेमा बघायचाय. सुरुवात युरी निकुलिन या नटापासून की आंद्रेई मिरोनोव या नटापासून, इथेच घोडं अडलंय. १९६९च्या 'द डायमंड आर्म'मध्ये दोघेही आहेत, पण घडण वेगळी. निकुलिन आधी सैन्यात, मग सर्कशीत विदूषक. चेहरा मख्ख ठेवून हसवतो, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही. मिरोनोव कलावंतांच्याच घरातला. गाणं, नाच, चुरचुरीत बोलणं. सबटायटलमध्ये निम्मी गंमत सांडते. गंभीर कामात मात्र मला तोच भिडतो: दिग्दर्शक अलेक्सेई गेर्मानच्या 'माझा मित्र इवान लापशिन'मध्ये पिस्तुलाची नळी तोंडात घालून ओकारी काढणारा तो पत्रकार! १९८७मध्ये नाटकात फिगारोची भूमिका साकारताना मिरोनोव रंगमंचावरच कोसळला, ४६व्या वर्षी गेला. निकुलिन ७५ वर्षं जगला.

पोरांना घेऊन बसणार असशील तर निकुलिन. रात्री एकटीच, तर मिरोनोव.