ओळखीच्या पानासाठी गूगल साइट्स: फुकट, पण बटण विसरू नका

स्वतःची ओळख आणि छंद एवढंच मांडायचं, तर गूगल साइट्स हे वेबसाइट बनवायचं साधन पुरे. पैसे लागत नाहीत, संपादन मात्र संगणकावरच करा. मथळ्याची पट्टी डीफॉल्टमध्ये बरीच जागा खाते. प्रकार बदलून ‘फक्त शीर्षक’ ठेवा. छंद म्हणून नुसतं ‘पक्षीनिरीक्षण’ लिहिलं, तर वाचायला कोण थांबणार? ‘हतनूर धरण, हिवाळा, बदकं’ लिहा. फोटोंच्या कॅरोसेलला (एकामागून एक सरकणाऱ्या फोटोंना) किमान 2 फोटो लागतात. अहिराणीतला मजकूरही नीट दिसतो, पानाचा वेब-पत्ता मात्र रोमनमध्येच.

खरी गोची पुढे: दुरुस्ती आपोआप सेव्ह होते, पण ‘प्रकाशित करा’ पुन्हा दाबेपर्यंत लोकांना जुनंच पान दिसतं. संपर्काचा तयार रकाना नाही. गूगल फॉर्म जोडा, मोबाइल नंबर उघडा टाकू नका.