कोऱ्या पटाचं किट: फासे झकास, बोर्ड मात्र शेवटी काढा

स्वतःचा बोर्ड गेम बनवायचं हे किट साधारण सहाशे रुपयांना पडतं. आत चार घड्यांचा कोरा बोर्ड, ६० कोरी कार्डं, दोन कोरे फासे, त्यांवर लावायचे स्टिकर, आठ सोंगट्या आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. खोक्यावर वय ८ च्या पुढे लिहिलंय, ते बरोबर आहे. सहा वर्षांचं मूल चित्रं हौसेनं काढेल, पण नियम लिहायला मोठं माणूस लागेल.

पैसे वसूल होतात ते फाशांवर. नेहमीच्या फाशाचं सरासरी दान साडेतीन. त्याऐवजी १, १, २, २, ३, ३ असे स्टिकर लावले की सरासरी दोनवर येते आणि ४० घरांचा पट बाराऐवजी वीस दानांत संपतो. चार भिडू, प्रत्येक पाळीला २० सेकंद धरली तर १६ मिनिटांचा खेळ २७ मिनिटांवर जातो. पहिल्या खेळात मुलं हटकून १०० घरं आखतात, वर दर तिसऱ्या घरात ‘मागे जा’ लिहितात आणि मग डाव का संपत नाही म्हणून कंटाळतात. हा हिशेब तेव्हा काढावा, आधी नाही.

दोन्ही फाशांवर नेहमीसारखे १ ते ६ लावून ते एकदम टाकले की आणखी गंमत. ३६ शक्यतांपैकी ‘सात’ सहा तऱ्हांनी पडतात, ‘दोन’ आणि ‘बारा’ एकेकाच तऱ्हेनं. त्यामुळे सातव्या घरातल्या खड्ड्यात पहिल्याच दानाला सगळ्यात जास्त भिडू पडणार. शेवटच्या घरात नेमक्या दानानंच जायचं, हा साप-शिडीचा नियम इथे लावला तर एक घर उरलेला भिडू तिथेच बसून राहतो, कारण दोन फाशांवर एक पडतच नाही. मुलांना हे आपणहून सापडू द्या. ‘एक फासा टाकायची मुभा’, ‘जास्त पडलं तरी चालेल’ असे तोडगे तीच काढतात.

बोर्ड मात्र फसवा आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं स्केच पेन हाताला लागून फिसकटतं आणि पर्मनंट मार्कर पुसला जात नाही. खेळ चार-पाच वेळा बदलल्याशिवाय जमत नाही आणि रंगवलेला पट बदलायला कुणीच राजी नसतं. म्हणून पहिले पट जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं काढा. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला फेव्हिकॉलनं कागद चिकटवला की वाळताना तो वाकतो. दोन्ही बाजूंना कागद लावून रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा.

कार्डं पातळ आहेत, स्केच पेन मागे उमटतं आणि कुठलं कार्ड काय हे पाठीवरूनच ओळखू येतं. बॉलपेन वापरा.

सोबतच्या पुस्तिकेत ‘आधी विषय निवडा’ असं म्हटलंय, आणि तिथेच घोळ होतो. ‘मुंबई लोकल’ म्हणून स्टेशनांची नावं लिहिली आणि खेळ नुसता फाशावर चालला, तर नावं पुसून फळांची लिहिली तरी काही बिघडत नाही. दादरला पोचल्यावर मध्य की पश्चिम हे भिडूनं ठरवायचं, आणि ‘रविवारचा मेगाब्लॉक’ हे कार्ड निघालं की एक मार्ग दोन फेऱ्या बंद, असं केलं की विषय खेळात उतरतो. साप-शिडीचं जुनं रूप असलेल्या मोक्षपटातही शिडी सद्गुणाच्या घरातून चढायची आणि साप दुर्गुणाच्या घरात गिळायचा. पुस्तिकेत असं एकही उदाहरण नाही.

खेळून पाहायची योग्य रीत: नियम लिहिलेला कागद दुसऱ्यांच्या हातात द्यायचा आणि बनवणाऱ्यानं शेजारी गप्प बसायचं. ‘शिडीनं चढून आलो त्या घरातला नियम मला लागू का?’, ‘एका घरात दोन सोंगट्या आल्या तर?’ असे प्रश्न धडाधड येतात. उत्तर कागदावर नसेल तर रडीचा डाव सुरू होतो. एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळत नाही. धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचं असेल तर तेही लिहून ठेवा. त्याला किती सूट, यावरच सगळ्यात मोठं भांडण होतं.

वाळूचं घड्याळ शोभेचं, एक मिनिट बहुतेक खेळांत फार होतं. जवळच्या दुकानात कोरे फासे सुटे मिळाले तर किट घेऊ नका. पुठ्ठा, बॉलपेन आणि शर्टाची रंगीत बटणं पुरतात. वाढदिवसाला द्यायचंच असेल तर बोर्ड काढून कपाटात ठेवा आणि बाकीचं हातात द्या.