ट्यूबाचा जड माउथपीस: घ्यावा का?
ट्यूबा या मोठ्या पितळी फुंकवाद्याला जाड भिंतीचा जड माउथपीस (ओठ लावून फुंकायचा भाग) सध्या वापरतोय, रिम (ओठ टेकतात ती कड) आणि कप (आतली वाटी) आधीच्या हलक्यासारखेच, म्हणजे फरक काय तो वजनाचाच. फोर्टिसिमोला, म्हणजे एकदम जोरात वाजवताना, मजा येते राव, खालचे सूर फाटत नाहीत, प्रत्येक सूर आपल्या जागी घट्ट बसतो. पण हळू आवाजात वाजवताना हेच आडवं येतं, सूर सुटायला जरा उशीर होतोय असं वाटतं आणि ओठांना जी थरथर जाणवायची ती कमी झालीये, त्यामुळे आपण नेमकं किती जोरात वाजवतोय तेच कळेना. समोर बसून ऐकणाऱ्याला मात्र फारसा फरक जाणवला नाही! आवाजच बदलायचा असेल तर आधी कपची खोली आणि थ्रोट (कपच्या तळाचं भोक) बघा, वजन नंतर. मोठ्या बँडवाल्यांनी घ्यायला हरकत नाही, क्विंटेटवाल्यांनी (पाच जणांचा छोटा गट) हलकाच ठेवा.