एनबीएचं भाकीत: बाजाराची रेषा घ्यावी की मिनिटांचा तक्ता मांडावा?

जुलैत एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, खेळाडूंची पळवापळवी झाली की आमच्या ग्रुपात ऑक्टोबरपर्यंत एकच उद्योग चालतो. तीसही संघांचे विजय आधी लिहून द्यायचे आणि एप्रिलमध्ये हिशोब करायचा. हे मनावर घेणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे लास वेगासचे बुकी प्रत्येक संघाच्या अपेक्षित विजयांचा जो आकडा, म्हणजे रेषा, लावतात ती उचलायची. (रेषा वाचायची फक्त. पैसे लावण्याचा इथे विषयच नाही.) दुसरा म्हणजे खेळाडू संघाच्या गुणफरकात किती भर घालतो ते सांगणारं ईपीएम किंवा डार्कोसारखं रेटिंग घ्यायचं, नव्या संघात कोण किती मिनिटं खेळेल ते मांडायचं आणि बेरीज स्वतः करायची. ‘मला वाटतं’ हाही एक रस्ता आहे म्हणा, पण त्यात प्रत्येकाचे लाडके संघ पन्नाशी ओलांडतात. लीगमध्ये विजय असतात १२३०, आणि यांच्या कागदावर ते त्याहून बरेच जास्त निघतात.

मी दोन्ही रस्ते बरेच मोसम वापरले आहेत. तक्त्याचं कौतुक आधी करतो, कारण शिकायला मिळतं ते तिथेच. २०१९च्या उन्हाळ्यात कवाय लेनर्ड विजेत्या टोरंटो रॅप्टर्सना सोडून क्लिपर्सकडे गेला आणि रॅप्टर्स संपले असं बहुतेकांनी धरलं. तक्ता मांडणाऱ्याला मात्र लाउरी, सियाकम, व्हॅनव्हलीट आणि गसोल तिथेच दिसत होते. शिवाय विजेतेपदाच्या मोसमात कवाय ज्या २२ सामन्यांत बसला होता, त्यांतले १७ संघाने जिंकले होते. पुढचा मोसम छोटा झाला, पण त्यात ते ५३-१९, म्हणजे टक्केवारीत आदल्या वर्षापेक्षाही सरस. अशा वेळी तक्ता मांडल्याचं चीज होतं.

आता माझ्या डोक्याला झालेला ताप सांगतो. एका संघाची एका सामन्यातली मिनिटं २४०. ती वाटायची तुम्हीच. रेटिंग कुणीतरी हुशार माणूस तयार करून देतो, पण नवा आलेला तारा ३४ मिनिटं खेळेल की ३०, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ८२ पैकी किती सामने खेळेल, हे कुणीच देत नाही. गुणफरकात सरासरी एका गुणाची भर पडली की मोसमात साधारण अडीच विजय वाढतात. त्या हिशोबाने सहा रेटिंगचा खेळाडू तिसरा हिस्सा मोसम बाहेर बसला तर चार-पाच विजय गेलेच. २०२३-२४मध्ये लीगच्या पश्चिम विभागात सहावे सन्स ४९ विजयांवर होते आणि दहावे वॉरियर्स ४६वर. सहावा संघ थेट प्लेऑफमध्ये जातो, दहाव्याला प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफआधी जिंकावेच लागणाऱ्या दोन सामन्यांची लोढणी. तीन विजयांत एवढं अंतर! त्याच सन्सनी ब्रॅडली बील आणला होता, तो ५३ सामनेच खेळला. म्हणजे रेटिंगचे दशांश घासूनपुसून घेतले तरी भाकीत शेवटी कुणाच्या तरी गुडघ्याच्या किंवा पाठीच्या अंदाजावर उभं राहतं. त्यात सप्टेंबरमध्ये कुणी खेळाडूंची अदलाबदल केली की एका संघाची नव्हे, दोन संघांची मिनिटं पुन्हा वाटायची. एकदा कंटाळा आला की शेवटच्या आठ-दहा संघांना आपण उरकून टाकतो, आणि ग्रुपातले आपले गुण नेमके तिथेच जातात.

बाजाराला हे दुखणं नाही असं नाही. २०२४मध्ये पॉल जॉर्ज फिलाडेल्फियात आला तेव्हा सिक्सर्सची रेषाही पन्नाशीच्या आसपास होती. त्यांचा मुख्य तारा एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, आणि संघ २४-५८वर थांबला. २०१२-१३च्या लेकर्सवरही सगळे भाळले होते. नॅश आणि हॉवर्ड येऊनही ४५ विजय आणि पहिल्याच फेरीत स्पर्सकडून ०-४. लोकप्रिय संघांची रेषा थोडी फुगलेली असते, असं मला वाटतं. लेकर्स दिसले की मी एक-दोन विजय गुपचूप कमी करतो. पण रेषेत हजार जणांनी केलेला मिनिटांचा अंदाज आधीच मुरलेला असतो. ते काम मला करावं लागत नाही, माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे.

सराव सामन्यांकडे कुणीच बघू नये. वरळीत २०१९ला पेसर्सनी किंग्जना दोन्ही वेळा हरवलं आणि मोसमातही पेसर्स वर, किंग्ज खाली राहिले. त्यावरून आमच्यातला एक जण अजून स्वतःला द्रष्टा समजतो.

हंगामाच्या मध्यावर पारडं थोडं हलतं. फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सचा तारा डॉन्चिच लेकर्सकडे गेला, तेव्हा ऑक्टोबरची रेषा रद्दीत गेली आणि तक्ताच हाताशी उरला. अर्थात तिथेही बदल्यात आलेला अँथनी डेव्हिस डॅलससाठी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, मार्चमध्ये त्यांच्याच अर्व्हिंगचा गुडघा गेला, आणि मॅव्हरिक्स ३९-४३. पुन्हा मिनिटंच.

प्लेऑफपुरता मी तक्त्याला मान देतो. तिथे लागोपाठच्या रात्री सामने नसतात, खेळवले जातात आठ-नऊ जण, आणि तारे चाळीस मिनिटांच्या आसपास खेळतात. वाटणीचा घोळ बराचसा मिटतो आणि रेटिंगला बोलायला जागा मिळते. तरी २०२३च्या मायामीसारखा संघ, मोसमात उणे गुणफरक आणि आठवं मानांकन घेऊन थेट अंतिम फेरीत, कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

तुम्हाला स्प्रेडशीटमध्ये संध्याकाळी रमायला आवडत असेल तर तक्ता मांडाच, माझं काही म्हणणं नाही. गुणतक्त्याचं भाकीत द्यायचं असेल तर मात्र मी रेषा घेईन, आणि तीही जुलैतली नव्हे. सराव शिबिरातल्या दुखापतींच्या बातम्या येऊन गेल्यावर, मोसमाच्या आदल्या दोन-तीन दिवसांतली. मग ज्या चार-पाच संघांबद्दल मन खात असेल, तेवढ्यांचीच २४० मिनिटं मांडायची.